आमच्या व्याह्यांचे दोन पॅट्रिक

जगात एकूण जेवढी काळजी केली जाते तिच्यातली निम्मी एकटे आमचे व्याही करतात, आणि उरलेली निम्मी त्यांच्यामुळे बाकीच्यांना करावी लागते. सई आणि नील, व्याही म्हणजे तुमचे ग्रँडॅड, तुमच्या बाबांचे वडील. तुम्ही कॅल्गरीला, आणि ते, मी तुमची आजी आणि आबा इथे लंडनमध्ये, म्हणजे विलायतेतल्या नव्हे, कॅनडात ओंटारिओतल्या. त्यामुळे तुमच्या वाट्याला ते उन्हाळ्यात दहा दिवस आणि एरवी फोनवर येतात. आमच्या वाट्याला आठवड्यातून चार वेळा. मागच्या महिन्यात तुम्ही मला विचारलंत की ग्रँडॅड बेल्जियमला जाणार होते ते का गेले नाहीत, आणि मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. ते नंतर म्हणजे हे. फोनवर माझ्याकडून क्रम चुकला असता, म्हणून लिहिते आहे. अडलेला शब्द आईला विचारा. ते बोलतात इंग्रजीत, पण इथे मी त्यांना मराठीत बोलायला लावणार आहे. हे त्यांना कळलं तर आपण काही चुकीचं तर बोललो नाही ना, या विचाराने त्यांचा एक दिवस जाईल.

नोकरीत असताना व्याही सरकारतर्फे इमारतींच्या लिफ्ट तपासत. पस्तीस वर्षं ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोर, चाकं आणि ब्रेक बघत होते, लिफ्ट सुरक्षित आहे असा सहीशिक्क्याचा दाखला देत होते, आणि पस्तीस वर्षं स्वतः जिन्याने ये-जा करत होते. कारण विचारलं तर "मी आतून पाहिलंय" एवढंच म्हणतात. मिसिसागाला आमच्या एका स्नेह्यांचा कॉन्डो एकविसाव्या मजल्यावर आहे. तिथल्या सत्यनारायणाला आम्ही त्यांना घेऊन गेलो होतो. आम्ही लिफ्टने वर गेलो, पूजा झाली, कथेचे पाचही अध्याय झाले, आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा दार वाजलं. दारात व्याही, कोट हातावर, चेहरा बीटासारखा. प्रसाद घेऊन ते लगेच निघाले. उतरायलाही वेळ लागतो म्हणाले. इथे लोक बर्फाचे टायर नोव्हेंबरात घालतात. व्याही सप्टेंबरच्या सुरुवातीलाच, लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी, गॅरेजमध्ये हजर असतात. गॅरेजवाला एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, बाहेर तीस डिग्री आहे." व्याही म्हणाले, "आज आहे."

तुमच्या आईबाबांच्या लग्नात त्यांनी आम्हाला लाल फीत बांधलेलं आग विझवायचं नळकांडं दिलं. लोकांनी चांदीची भांडी दिली, गालिचे दिले. त्यातलं काय कुठे गेलं मला आठवत नाही, पण नळकांडं स्वयंपाकघराच्या दारामागे आहे, आणि दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला व्याही येऊन त्याचा काटा हिरव्यावर आहे की नाही ते बघून जातात. "लोक एकदा आहेर देतात आणि सुटतात," आबा म्हणतात, "हे दर वर्षी इन्स्पेक्शन करतात." फोन केला की हॅलोच्या आधी ते म्हणतात, "कुणाला काही झालेलं नाही." हे ऐकून आपली छाती धडधडायला लागते, आणि मग ते विचारतात की हिंग संपला तर त्याऐवजी काय घालायचं. नुसतं "हॅलो" म्हटलं तर समोरचा घाबरेल, असं त्यांना मनापासून वाटतं.

आमचं नातं काय, याचीही त्यांना सुरुवातीला फार काळजी होती. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. चर्चमध्ये माझी ओळख करून देताना "ही माझ्या मुलाच्या बायकोची आई" असं म्हणावं लागे, आणि ते म्हणे कोर्टातल्या साक्षीसारखं वाटे. मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे तुम्हाला व्याही म्हणतात आणि मला विहीण. त्यांना एवढा आनंद झाला की त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारलेली नाही. त्यांच्या चर्चमधल्या निम्म्या बायकांना विहीण हे माझं नावच वाटतं, आणि नाताळचं कार्डही मला त्याच नावाने येतं. मी नागपूरला आयरिश नन्सच्या शाळेत शिकले हे कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"मारायच्या का तुम्हाला?"

"फक्त हस्ताक्षरासाठी," मी म्हटलं.

त्यांनी सबंध आयर्लंडच्या वतीने माझी माफी मागितली. स्वतः ते आयर्लंडला कधी गेलेलेही नाहीत. विमान म्हणजे त्यांच्या मते आडवी लिफ्ट.

ही सगळी काळजी आली कुठून, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. तुमची ग्रॅनी गेली त्या हिवाळ्यात ते रोज दुपारी आमच्याकडे चहाला येत. आल्यावर आधी आमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत, आबांना करू देत नसत, कारण त्या वयात फावडं मारताना हार्ट अटॅक येतो. आबा त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहेत. अशाच एका दुपारी कपाला हात शेकत त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. म्हणजे तुमच्या पणजोबांची. पणजोबा सव्वा वर्षाचे असताना त्यांचे वडील, पॅट्रिक, पहिल्या महायुद्धात लढायला गेले. पॅट्रिक आयर्लंडमधून इथे रेल्वेत मजुरीला आलेले, इथेच त्यांचं ब्रिजेट नावाच्या मुलीशी लग्न झालं. आडनाव मी लिहीत नाही. ते तुमचंच आहे, शाळेत हजेरीला रोज ऐकता. तर पॅट्रिक गेले आणि ब्रिजेटने मुलाला एवढंच सांगितलं, "ते युद्धावर गेले आणि घरी आले नाहीत." पुढे काही विचारलं तर ती उठून भांडी घासायला लागे. गावातल्या पार्कात युद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगड आहे. पणजोबांनी लहानपणी त्या दगडावर बोट फिरवून सगळी नावं वाचली. त्यात पॅट्रिक नव्हते.

"मेले असते तर नाव असतं," व्याही म्हणाले. "नाव नाही म्हणजे काय, ते शाळेतल्या पोरांनी पप्पांना सांगितलं. पळून गेला. दुसरी बायको केली. पप्पांनी घरात तो विषय कधी काढला नाही. पण विहीण, आमच्या घरी सगळे परत येऊन मोजून झाल्याशिवाय जेवण वाढलं जायचं नाही. बहीण पाच मिनिटं उशिरा आली तर पप्पा खिडकीत उभे. सत्तर वर्षांचे झाले तरी खिडकीत. हॉस्पिटलमध्ये अगदी शेवटीसुद्धा म्हणाले, 'मला एवढंच कळायला हवं होतं, तो मेला की त्याला आम्ही नको होतो.'"

मी दुसरा कप चहा ओतला. साखर किती, असं विचारलं. ते साखर घेत नाहीत, हे मला वीस वर्षं ठाऊक आहे.

त्यानंतर व्याह्यांनी शोध सुरू केला. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची कागदपत्रं आता सरकारने कॉम्प्युटरवर कुणालाही बघता येतील अशी ठेवली आहेत. व्याह्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही, तो कधीही बंद पडेल म्हणून. ते लायब्ररीत जाऊन प्रत्येक पान छापून घेत, त्याच्या दोन प्रती काढत, एक स्वतःच्या घरी आणि एक आमच्या बेसमेंटमध्ये ठेवत. दोन्ही घरांना एकाच दिवशी आग लागणार नाही, असा हिशेब. तीन वर्षांत तीन जाडजूड बाइंडर भरले. आणि पॅट्रिक सापडले. नाव तेच, आडनाव तेच, आयर्लंडमधलं गाव तेच, वय जमतं, धर्म जमतो, भरती झाली तीही इथूनच, जवळचे नातेवाईक या रकान्यात ब्रिजेट. बेल्जियममध्ये मारले गेले, तिथल्या सैनिकांच्या दफनभूमीत दगड आहे. तिथल्या कुणा भल्या माणसाने दगडाचा फोटो काढून पाठवला. व्याह्यांनी तो खिशात घातला आणि आमच्याकडे आले. "मेले होते," दारातूनच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून शेजारच्या बाईंना वाटलं असेल कुणाला बाळ झालं.

मग त्यांनी विमानाचं तिकीट काढलं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं. दोन महिने त्यांनी तयारी केली. विमानात घ्यायची बॅग घरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी ठेवून बघत, रात्रीत वजन वाढतं की काय म्हणून. आबांनी त्यांना विचारलं, "भीती नाही का वाटत?" ते म्हणाले, "वाटते. पण ते बोटीने गेले तेव्हा त्यांना वाटली असेलच की. आणि त्यांना परतीचं तिकीट नव्हतं."

निघायला सोळा दिवस उरले असताना ते पहिला बाइंडर घेऊन माझ्याकडे आले. मी इथल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स डिपार्टमेंटमध्ये सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे डॉक्टरांचं हस्ताक्षर वाचणं हा माझा धंदाच होता. पॅट्रिकच्या फाइलमध्ये डॉक्टरांनी लिहिलेली चार पानं होती, तीच त्यांना लागत नव्हती. "त्यांना फार त्रास झाला का, एवढं बघा," ते म्हणाले. "थडग्यासमोर उभं राहण्याआधी मला माहीत असलेलं बरं."

आमच्या कामात एकच नियम देवासारखा मानायचा असतो. नुसतं नाव जुळलं म्हणून कागद फाइलला लावायचा नाही. एकाच नावाचे दोन पेशंट असले आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागला तर माणूस मरतो. म्हणून मी सवयीने आधी पहिलं पान वाचलं. उंची पाच फूट चार इंच. व्याह्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात आजोबांची हॅट दाराच्या चौकटीला टेकते. मी हे बोलले तर व्याही म्हणाले, "दार लहान असेल." विवाहित की अविवाहित, तर अविवाहित. "त्या काळात बायकोची परवानगी लागायची, म्हणून लोक खोटं सांगायचे." प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. जो माणूस दुधाच्या पिशवीवरची तारीख तीनदा वाचतो, त्याने या माणसाबद्दल एकदाही शंका घेतली नव्हती. मी भिंग आणलं आणि ब्रिजेटच्या नावापुढे नातं लिहिलं होतं तो रकाना बघितला. शाई पसरलेली होती. व्याही तो शब्द 'पत्नी' असा वाचत होते. तो 'आई' होता, आणि त्याखाली पत्ता आयर्लंडचा होता.

मी भिंग खाली ठेवलं आणि म्हटलं, "हस्ताक्षर फारच वाईट आहे. ठेवून जा. सावकाश बघते."

आयुष्यात मी फार थोड्या वेळा खोटं बोलले आहे. ते गेल्यावर मी आबांना सांगितलं. आबांना पाच मिनिटांत उलगडा झाला, कारण आबांच्या घरात तीन चुलतभाऊ गोपाळ आहेत. आजोबा गोपाळ, म्हणून मोठ्या काकांचा पहिला मुलगा गोपाळ, मधल्यांचा गोपाळ आणि हे तिसरे गोपाळ. कुणाचं स्थळ कुणाला सांगून आलं यावरून एकदा पुण्यात मोठाच घोळ झाला होता. आयरिश लोकांतही पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत आहे. हे मला नन्सकडूनच ठाऊक होतं. म्हणजे एका गावात, एका आजोबांचे दोन नातू, दोघेही पॅट्रिक, दोघेही एकापाठोपाठ इकडे आले, दोघेही फौजेत गेले. ब्रिजेट हे नावही त्यांच्यात घरोघरी. बेल्जियममध्ये झोपलेला हा सडाफटिंग चुलतभाऊ होता.

"मग आजोबा कुठे?" आबांनी विचारलं.

तोच तर प्रश्न होता. मी कॉम्प्युटर लावून दुसऱ्या पॅट्रिकला शोधलं. तासाभरात सापडला. उंची सहा फूट एक इंच, विवाहित, पत्नी ब्रिजेट, पत्ता इथला, लंडनचा, एक मुलगा. आणि पहिल्याच पानावर शिक्का होता: जहाजाने कॅनडात परत.

जिवंत परत आले होते ते. पणजोबांच्या शाळेतली पोरं खरं बोलली होती की काय? मी त्या दिवशी पुढचं पान उघडलं नाही. दोन दिवस उघडलं नाही. भाजी करपली, एका कागदावर डाव्या बाजूला 'सांगावे' आणि उजव्या बाजूला 'सांगू नये' असं लिहून मी कारणं मांडत बसले, आणि दोन्ही बाजूंना सारखीच सात भरली. नाही सांगितलं तर हा माणूस विमानाच्या भीतीने अर्धमेला होऊन तिथे पोचणार आणि दुसऱ्याच्या थडग्यावर रडून, समाधान पावून परत येणार. त्यात वाईट काय? सांगितलं तर वडील मरताना जे विचारत गेले त्याचं सर्वांत वाईट उत्तर मी त्यांच्या हातात ठेवणार. या दोन दिवसांत त्यांचे फोन सुरूच होते. "कुणाला काही झालेलं नाही. ते हस्ताक्षर लागलं का?"

"उरलेली पानं तरी वाच," शेवटी आबा म्हणाले. "अर्ध्या फाइलवर तू कधी सही केली आहेस का? आणि हे असं चाललं तर या घरात दोन व्याही होतील. मला एकच पुरतो."

एकशे बेचाळीस पानं होती. मी ती वहीत टिपणं काढत वाचली. वाचून झाल्यावर तोंड धुतलं, साडी बदलली आणि व्याह्यांना चहाला बोलावलं. ते आले, नळकांड्याचा काटा बघितला, बसले. मी त्यांना पहिल्या पॅट्रिकचं आधी सांगितलं, रकाना दाखवला, भिंग दिलं. त्यांनी तो शब्द बराच वेळ बघितला.

"माझे नव्हेत," ते म्हणाले.

"चुलत आजोबा तुमचे."

"आणि माझे?"

"परत आले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी थांबले असते तर पुढे बोलूच शकले नसते, म्हणून लगेच इंग्लंडमधल्या लष्करी हॉस्पिटलच्या डॉक्टरचं पान समोर ठेवून वाचायला लागले. तोफगोळ्याने खंदक कोसळून हा शिपाई बराच वेळ मातीखाली होता. त्याच्या तुकडीतले बाकीचे निघाले नाहीत. शरीराला इजा नाही. बंद गाडीत किंवा लिफ्टमध्ये बसत नाही. झोपण्याआधी सगळी दारं तपासतो. जेवायच्या आधी वॉर्डातली माणसं मोजतो आणि कमी भरली तर जेवत नाही. बाहेर गेलेले परत आले का, असं नर्सला सारखं विचारतो. स्वभाव सौम्य, इतर रुग्णांची फार काळजी घेतो.

व्याही म्हणाले, "हे माझ्याबद्दल कुणी लिहिलं?"

आबांनी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं केलं.

पॅट्रिक बरे झाले नाहीत. जहाजाने आले, रेल्वेने आले, या गावापर्यंत आले, आणि घरी न जाता गावाबाहेर पूर्वेला असलेल्या मनोरुग्णालयात गेले. अकरा वर्षं तिथे होते आणि तिथेच न्यूमोनियाने वारले. पार्कातल्या दगडावर नाव कसं असणार? फाइलच्या शेवटाकडे एका जाड कागदावर पत्र होतं, शाळेत चार इयत्ता शिकलेल्या बाईच्या गोल अक्षरात. हे काही डॉक्टरचं हस्ताक्षर नव्हतं, म्हणून मी ते व्याह्यांनाच वाचू दिलं. 'साहेब, माझ्या नवऱ्यासंबंधीची पत्रे कृपया घरी पाठवू नयेत. मुलगा आता वाचू लागला आहे. मी दर रविवारी तिथे येतेच, तेव्हा माझ्या हातात द्यावीत. आपली, ब्रिजेट.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग दोन्ही तळवे कागदावर पसरून ठेवले, वाऱ्याने उडेल अशा भीतीने ठेवतात तसे. आमच्या स्वयंपाकघरात वारा नव्हता.

"रविवारी आजी दोनदा चर्चला जायची," ते म्हणाले. "पप्पांना घेऊन सकाळच्या प्रार्थनेला, आणि जेवणं झाली की एकटी दुसऱ्या. पप्पा सांगायचे, आई फार धार्मिक होती."

त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं.

"म्हणजे त्यांना आम्ही नको होतो, असं नाही."

"नाही."

"आणि पप्पा त्या दगडावर नाव शोधत होते तेव्हा ते इथेच होते." त्यांनी हाताने दिशा दाखवली. बरोबर पूर्वेकडे.

मला वाटलं होतं ते ब्रिजेटवर रागावतील. मीच थोडी रागावले होते. एवढं एक वाक्य मुलाला मोठेपणी सांगितलं असतं तर तीन पिढ्यांची झोप वाचली असती, असं माझं मत होतं आणि मी ते आबांना बोलूनही दाखवलं होतं. पण त्या काळात वेड्याचा मुलगा म्हटलं की शाळा, नोकरी, लग्न, सगळीच दारं बंद होत असत. पळपुट्याचा मुलगा त्यातल्या त्यात बरा. तिने दोन वाइटांतलं एक निवडलं आणि आयुष्यभर भांडी घासत गप्प राहिली. व्याह्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं, "आजी जायची कशी?"

"म्हणजे?"

"त्यांचं घर रेल्वेलाइनजवळ होतं. रविवारी ट्राम कमी. परवडायचीही नाही. चालत जात असेल. जानेवारीत कशी जात असेल?"

अकरा वर्षांचे रविवार किती होतात, हे त्यांनी तिथेच पेपर नॅपकिनवर काढलं, आणि त्यातले बर्फाचे किती, तेही.

बेल्जियमचं तिकीट त्यांनी रद्द केलं नाही, मे महिन्यावर ढकललं आहे. तीन वर्षं ज्याची काळजी केली त्याला आता तू आमचा नव्हेस म्हणून कसं सांगायचं, शिवाय त्या बिचाऱ्याला आई सोडून कुणी नव्हतं, असं ते म्हणतात. त्या तारखेला, म्हणजे ज्या दिवशी ते विमानात असणार होते त्या रविवारी, जेवणं झाल्यावर ते आमच्या दारात उभे राहिले. आबांचे गुडघे दुखत होते म्हणून मी एकटीच त्यांच्याबरोबर गेले. ब्रिजेटचं घर होतं तिथे आता टायरचं दुकान आहे. तिथून आम्ही चालायला सुरुवात केली. ऑक्टोबरची कोरडी, उन्हाची दुपार होती आणि रस्ता सरळ होता, तरी ते दर चौकात थांबत. इथे तेव्हा दिवा नसेल. इथे पाणी साचत असेल. रुळांवरून जाताना त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि मला म्हणाले, "हातात काहीतरी असणार. पाव, धुतलेले कपडे. म्हणजे पडली तर हात टेकायला मोकळा नाही." शेवटी एक चढ लागला. तो पाहून त्यांचा चेहराच पडला. "हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "येताना हा उतार. संध्याकाळी. गोठलेला." शंभर वर्षांपूर्वी घरी सुखरूप पोचून, मुलाला मोठं करून, म्हातारी होऊन गेलेल्या बाईच्या पायाखालच्या बर्फाची त्यांना इतकी भीती वाटत होती की मलाही वाटायला लागली.

हॉस्पिटल आता बंद आहे. जुन्या झाडांची एक लांब रांग उरली आहे, तिथून आत जाऊ देत नाहीत. कुंपणाशी ते टोपी काढून उभे राहिले. मी घड्याळ बघितलं नाही, पण त्यांनी निघताना बघितलं होतं. "पंचावन्न मिनिटं," ते म्हणाले, "आणि मी लांब ढांगा टाकतो." मग आम्ही परत वळलो. उतारावर व्याही रस्त्याच्या बाजूने चालत होते, गाड्यांच्या बाजूने, आणि फुटपाथची आतली बाजू, गवताकडची, त्यांनी मोकळी सोडली होती. एक हात किंचित वाकवून धरलेला. मला वाटलं तो माझ्यासाठी आहे, म्हणून मी पुढे होऊन त्या जागेत चालायला गेले.

"विहीण," ते मला हळूच म्हणाले, "तुम्ही जरा मागून याल का?"

मी त्या दोघांच्या मागून चालत राहिले.